एकमताने पाहिलेला सिनेमा

चहात साखर किती घालायची यावर मतदान चालू होतं. रविवारची दुपार, पडदेवाल्या वहिनींचं स्वयंपाकघर, शेगडीवर उकळून उकळून काळाकुट्ट होत चाललेला चहा, आणि त्याच्याभोवती सहा चांगली शहाणीसुरती माणसं हात वर करून उभी. एक चमचा साखरेच्या बाजूने पाच हात वर होते. सहावा हात वहिनींच्या धाकट्या दिराचा. तो काही केल्या वर जाईना, कारण त्याला दोन चमचे हवी होती. एक जरी हात खाली राहिला तरी ठराव बारगळला, असा नियम होता. त्यामुळे चहा बिनसाखरेचा झाला आणि सहाही जणांनी तो तोंडं वाकडी करत, पण एकजुटीने संपवला.

नियम शिट्टीबाईंचा. शिट्टीबाई म्हणजे शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई. रविवारी त्यांच्या गळ्यात शिट्टी नसायची, पण ती आहे असंच समोरच्याला वाटत राहायचं. त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर. वहिनींचे यजमान इमारतींच्या लिफ्ट तपासणारे इन्स्पेक्टर. दीर लोकांना मोटार चालवायला शिकवायचा, आणि त्याची बायको, म्हणजे वहिनींची जाऊ, इस्पितळात नर्स होती, बहुतेक रात्रपाळीला. स्वतः वहिनी घरी बसून पडदे शिवायच्या. ही तीन जोडपी मिळून उद्या सोमवारी शहराबाहेरचं एक मोठं घर घेणार होती. एक बैठक, एक स्वयंपाकघर, एक टीव्ही, आणि उरलेलं सगळं आयुष्य एकत्र. त्याची सवय व्हावी म्हणून महिनाभर हा सराव चालू होता आणि महिनाभर सगळे बिनसाखरेचा चहा पीत होते.

हे सगळं सुरू कशावरून झालं म्हणाल, तर वहिनींच्या एका वाक्यावरून. गेल्या वर्षी ही मंडळी एका तळ्याकाठी बंगला घेऊन चार दिवस राहिली होती. पत्ते झाले, नावेत बसून झालं, हसून हसून पोटं दुखली. निघायच्या सकाळी बॅगा बंद झाल्या, गाड्या दारात लागल्या आणि वहिनी पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "खरंच, असं वाटतं, आपण सगळ्यांनी कायमचं एकत्रच राहायला हवं."

आता तुम्हीच सांगा, हे वाक्य कोण म्हणत नाही? सहलीच्या शेवटी ते म्हणायचंच असतं. ऐकणाऱ्याने 'हो ना' म्हणायचं, गाडीत बसायचं आणि घरी जाऊन आपापल्या उशीवर डोकं टेकायचं, अशी जगाची रीत आहे. पण वहिनींनी उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि ती कुणासमोर? तर लिफ्टचा इन्स्पेक्टर, दातांचा डॉक्टर, नर्स, मोटारीचा मास्तर आणि खेळाच्या बाई यांच्यासमोर. या लोकांच्या धंद्यात 'सहज म्हटलं' असं काही नसतंच. 'दुखतंय' म्हटलं की दुखतंय, 'थांब' म्हटलं की थांब.  मग शिट्टीबाई म्हणाल्या, "मग राहू या की." आणि झालं. तिथून जे गाडं सुटलं ते थेट दलालाच्या दारात जाऊन उभं राहिलं.

वहिनींना मात्र ते घर तेव्हापासून नको होतं. कारण त्यांच्या घरात मागच्या बाजूला एक खोली होती. खोली कसली, एक शिवणाचं मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे आणि एक खिडकी मावेल एवढी जागा. पण त्या खोलीला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. वहिनी वाढल्या पाच भावंडांत एका खोलीत, शिकल्या वसतिगृहात, लग्न करून आल्या त्या सासू-सासरे, दीर आणि आल्यागेल्यांच्या राबत्यात. चाळिशी उलटल्यावर त्यांना ही कडी मिळाली होती. दुपारी जेवणं उरकली की त्या आत जायच्या, कडी लावायच्या आणि मशीन चालवायच्या आधी थोडा वेळ नुसत्याच बसायच्या. तो नुसतं बसण्याचा वेळ त्यांना जिवापाड आवडायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर सोबत द्यायला कुणीतरी आलंच असतं.

नव्या घरात कडीबिडी नव्हती. कामाची खोली सगळ्यांची मिळून एक. तिथे वहिनींचं मशीन, डॉक्टरांचे दातांचे साचे, शिट्टीबाईंचे चेंडू आणि दिराची टायरं शेजारी शेजारी नांदणार होती. एक अख्खी भिंत काचेची. तिला पडदे लावायचे का, यावर मतदान झालं तेव्हा शिट्टीबाईंनी विचारलं, आपल्यात आपल्यापासून लपवण्यासारखं काय आहे? झालं, सहाच्या सहा हात वर गेले. पडदे नकोत यासाठी पडदेवाल्या बाईंनी हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नाही म्हणायला काय झालं होतं? तेच तर. वहिनींचे यजमान मुळात अबोल माणूस. लिफ्ट वर गेली, लिफ्ट खाली आली, यापलीकडे त्यांनी कधी कशाचं कौतुक केलेलं वहिनींना आठवत नव्हतं. आणि तोच माणूस या घरापायी पार बदलून गेला होता. रविवारी टेप घेऊन तिथल्या भिंती मोजायला जायचा, आंघोळ करताना गुणगुणायचा. इतक्या वर्षांनी नवरा गुणगुणायला लागलेला, त्याच्या तोंडचा घास कसा काढायचा? वहिनी गप्प बसल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पण सोमवार अगदी उंबऱ्याशी आल्यावर त्यांनी एक बेत रचला. असं मिळून राहायला गेलेल्या शहरातल्या माणसांवरच एक विनोदी सिनेमा लागला होता. वहिनींनी त्याची जाहिरात पाहिली होती. तिच्यात ताटं उडत होती, एक बाई दुसरीच्या झिंज्या उपटत होती आणि एक गृहस्थ गादी घेऊन छपरावर झोपायला चालला होता. वहिनींना वाटलं, हाच आपला तारणहार. यजमानांनी एकदा हे बघितलं की आपण होऊन म्हणतील, नको गं बाई. आपल्याला वाईटपणा नाही आणि सापही मरेल, काठीही मोडणार नाही. त्यांनी सिनेमाचा विषय काढला मात्र, सहा हात फाटकन वर गेले. महिनाभरात इतकं झटपट एकमत कशावरच झालं नव्हतं. तेव्हाच वहिनींच्या डोक्यात काहीतरी लकाकायला हवं होतं, पण त्या स्वतःच्याच हुशारीवर खूश होत्या.

तर मंडळी सिनेमाला गेली. सिनेमाचं नाव इतकं लांबलचक होतं की तिकिटावर ते निम्मंच मावलं होतं. सरावाचा भाग म्हणून सहाही जणांचे मोबाईल एका पिशवीत गोळा झाले आणि पिशवी शिट्टीबाईंच्या मांडीवर बसली. पॉपकॉर्नची एकच बादली घेतली, ती डावीकडून उजवीकडे फिरायची. दलालाने संध्याकाळपर्यंत होय की नाही ते कळवायला सांगितलं होतं, कारण दुसरं एक गिऱ्हाईक दारात उभं होतं. सिनेमा सुटला की सगळ्यांनी मिळून त्याला फोन करायचा, असं ठरलं. हॉलमध्ये या सहा जणांखेरीज पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, तेही सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपायच्या आत उठून गेले. अनुभवी माणूस असावा.

सिनेमा म्हणजे निव्वळ पाणी होतं. जाहिरातीत उडालेली ताटं सिनेमातही उडाली, पण तेवढीच. जे काही भांडण होतं ते सगळं जाहिरातीत येऊन गेलं होतं. बाकी काय, तर न्हाणीघरासमोर रांग. रांगेत उभं राहून माणसं एकमेकांकडे बघत होती आणि मागे पिपाणी वाजत होती. मग एक जण चिखलात पडला. पिपाणी. मग एका बदकाने कुणाचा तरी मोबाईल गिळला, मोबाईल बदकाच्या पोटात वाजू लागला आणि लोक बदकाला कानाशी धरून बोलू लागले. वहिनी मनातल्या मनात म्हणत होत्या, भांडा रे, मुडद्यांनो, भांडा. पण ती माणसं भांडायची सोडून मध्यंतराच्या आधी स्वयंपाकघरात गोल करून नाचायला लागली.

आणि तेवढ्यात वहिनींच्या शेजारी त्यांचे यजमान मोठ्याने हसले. बदकाला नव्हे, कशालाच नव्हे, नुसतेच हसले. ते ऐकून पलीकडे डॉक्टर हसले. मग शिट्टीबाई. मग दीर, मग जाऊ. पाच जणांचं ते हसणं रिकाम्या हॉलमध्ये असं काही घुमलं की वहिनींचं काळीज लक्कन हललं. म्हणजे यांना हे आवडतंय. मग त्यांनाही हसावं लागलं. मध्यंतरात उजेड झाल्यावर प्रत्येकाने सिनेमाची तारीफ केली. दीर म्हणाला, बदक भारी आहे. डॉक्टर म्हणाले, अभिनय नैसर्गिक आहे. तो बदकाचाच, की आणखी कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

मध्यंतर संपल्यावर दीर गाडी नीट लावली आहे ना ते बघायला गेला. थोड्या वेळाने डॉक्टर रिकामी बादली घेऊन पॉपकॉर्न आणायला गेले. मग जाऊ हात धुवायला गेली. पडद्यावर लोक आता मिळून वांगी लावत होते आणि सुखी होते. वहिनींच्या डोळ्यांपुढे त्यांची ती कडी आली आणि त्यांना एकदम भडभडून आलं. जरा जाऊन येते, असं यजमानांच्या कानात पुटपुटून त्या अंधारात चाचपडत बाहेर आल्या.

बाहेरच्या दालनात एका मोठ्या कुंडीआड बाक होता. त्या बाकावर डॉक्टर बसले होते. मांडीवर भरलेली बादली, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर अशी तृप्ती की वहिनी मागच्या पावली परतणार होत्या. पण चपलेचा आवाज झाला आणि डॉक्टर दचकून ताठ झाले.

"सिनेमा छान आहे हं, वहिनी," ते घाईघाईने म्हणाले. "मी निघतच होतो."

वहिनींनी नाक ओढलं. त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते पुसायला त्यांच्याजवळ पदराशिवाय काही नव्हतं. डॉक्टरांनी बादलीतला कागदी रुमाल पुढे केला आणि मग, दवाखान्यात घाबरलेल्या पेशंटशी बोलतात तसं हळूच विचारलं, काय होतंय. वहिनी बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, कुठे काय. डॉक्टर म्हणाले, रडताय ना. वहिनी म्हणाल्या, नाही हो. असं दोनतीनदा झाल्यावर डॉक्टरांनी सुस्कारा सोडला.

"वहिनी, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांगा."

"मी दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघतो. घरी गेल्यावर माझ्यासमोर कुणी तोंड उघडू नये, एवढंच मागणं असतं माझं. बायको सवयीने शिट्टीवर बोलते, त्यामुळे भागतं. आता पाच तोंडं म्हणजे..." ते थांबले. "पण तुमचं स्वप्न आहे म्हटल्यावर मी शब्द काढला नाही."

वहिनींना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "कुणाचं स्वप्न?"

"तुमचं. पायरीवर म्हणाला होतात ना."

 तेवढ्यात कुंडीच्या पलीकडच्या बाकावर काहीतरी हललं. कुणीतरी ओढणी डोक्यावरून घेऊन आडवं झालं होतं. ओढणी खाली सरकली आणि आतून जावेचं झोपाळलेलं डोकं वर आलं. हात धुवायला म्हणून आलेली ही बया इथे ताणून देऊन झोपली होती. ती म्हणाली, ताई, मी सगळं ऐकलं. रात्रभर इस्पितळात उभं राहायचं आणि दिवसा झोपायचं म्हटलं तर घरात एक टीव्ही आणि पाच माणसं. महिनाभर या धास्तीनेच तिला झोप नव्हती. पण थोरल्या जावेने आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं, त्याला आपण कसा मोडता घालायचा, म्हणून ती हात वर करत राहिली. हे बोलणं चालू असतानाच दीर चहाच्या ठेल्याकडून येताना दिसला. हातात कागदी पेला, चेहरा पाण्यात पडलेल्या मांजराचा. पेल्यात दोन चमचे साखर घातलेला चहा होता. तो तिसरा पेला होता, हे त्याने न विचारताच कबूल केलं. त्याची अडचण निराळी होती. बाकीचे पाचही जण गाडी चालवू लागले की त्याचा उजवा पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर जायचा, आणि एकत्र राहायचं म्हणजे रोज कुणाच्या ना कुणाच्या शेजारी बसणं आलं.

म्हणजे चौघांचं एकमत झालं होतं, हात वर न करता. पण आनंद करण्यात अर्थ नव्हता, कारण आत दोघं होती. आतून त्याच क्षणी हसण्याचा मोठा आवाज आला. इन्स्पेक्टर आणि शिट्टीबाई. चौघांनी एकमेकांकडे बघितलं. आता त्यांना सांगायचं कुणी? दीर म्हणाला, डॉक्टरांनी सांगावं, त्यांची बायको आहे. डॉक्टर म्हणाले, बायको आहे म्हणूनच मी सांगणार नाही. जाऊ म्हणाली, भावजींना ताईंनी सांगावं. ताई म्हणाल्या, माझी छाती नाही. अशी त्यांची घासाघीस चालू असताना दारावरचा माणूस जवळ आला आणि नम्रपणे विचारू लागला, काय साहेब, सिनेमा आवडला नाही का? चौघंही एका सुरात म्हणाले, छान आहे, छान आहे. ही खोड अशी जाता जात नाही.

आणि दार उघडून इन्स्पेक्टर बाहेर आले.

त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग ओढणी गुंडाळलेल्या भावजयीकडे, मग डॉक्टरांकडे, मग भावाच्या हातातल्या पेल्याकडे. जादा माणसं भरलेल्या लिफ्टचं दार उघडलं की ते जसे बघायचे, तसेच बघत राहिले. बाकीच्या तिघांनी अळीमिळी गुपचिळी केली. वहिनी उठल्या.  

"अहो, मला ते घर नको."

"नको म्हणजे? खिडक्या मोठ्या आहेत म्हणून?"

"घरच नको. मला माझी खोली हवी. आणि तिची कडी."

इन्स्पेक्टर हळूच बाकावर बसले.  "मग तू पायरीवर म्हणालीस ते?"

"ते म्हणायचं असतं हो. सगळे म्हणतात."

"मला काय माहीत? मी कधी म्हटलं नाही."

"आणि तुमचं ते भिंती मोजणं, गुणगुणणं?"

"धीर यावा म्हणून गुणगुणत होतो." इन्स्पेक्टरांना इतकं सलग बोलताना दिराने जन्मात ऐकलं नव्हतं. "अगं, तुला काही आणू का विचारलं तर नको. कुठे जाऊ या का, नको. मग मी परत विचारायचं, परत नको, मग कधीतरी बरं. तुझं खरं नको कुठलं ते मला आजवर कळलेलं नाही. तेव्हा पहिल्यांदा काहीतरी हवं म्हणालीस. म्हटलं, मेलो तरी चालेल, पण हे द्यायचं. नाहीतर सहा माणसांचं घर कशाला हवंय मला? दिवसभर मी लोकांना हेच सांगतो, जादाचे उतरा."

वहिनींना हसावं की रडावं ते समजेना. मग त्यांच्या लक्षात आलं की यजमानांचे खांदे हलतायत. आवाज नाही, तोंड मिटलेलं, नुसते खांदे. हे त्यांचं खरं हसणं. वर्षानुवर्षं त्यांना ते ठाऊक होतं, आणि आत हॉलमध्ये तो माणूस मोठमोठ्याने हसत होता तेव्हा ते आपल्याला आठवू नये, याची त्यांना लाज वाटली. वहिनींचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी बादली सगळ्यांपुढे फिरवली आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा पॉपकॉर्नला चव आली.

पण आतून हसण्याचा आवाज अजून येतच होता. मघापेक्षा मोठा. एकट्या शिट्टीबाईंचा.

सगळ्यांचे चेहरे पडले. सिनेमा संपला की ती पिशवी उघडणार, फोन काढणार आणि दलालाला होकार देणार. बाईंचा एकदा निश्चय झाला की झाला. आता मात्र वहिनी म्हणाल्या, मी सांगते. एकदा तोंड उघडलंच आहे, तर उघडंच राहू दे. त्या पुढे आणि मागे चौघं, अशी वरात अंधारात शिरली आणि मधल्या रांगेपाशी येऊन थांबली. शिट्टीबाई पाय पुढच्या खुर्चीवर टाकून बसल्या होत्या. पडद्यावर तेच बदक पुन्हा आलं होतं आणि बाई डोळे पुसत हसत होत्या.

"बाई, त्या घराबद्दल थोडं बोलायचं होतं," वहिनी म्हणाल्या.

"ते झालं," शिट्टीबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "मी दलालाला नाही म्हणून कळवलं. इन्स्पेक्टरसाहेब बाहेर गेले आणि मी फोन काढला."

 शेवटी डॉक्टरांनी नवऱ्याच्या नात्याने क्षीणपणे विचारलं, "पण तुझा तो एकमताचा नियम?"

"पाळला की. तुम्ही एकेक करून उठून गेलात. हॉलमध्ये मी एकटी. ठराव मांडला, हात वर केला. खाली कुणाचा हात होता का? नव्हता. मंजूर." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "वहिनी, माफ करा. तुमचं स्वप्न मोडलं मी. पण शाळेत चारशे मुलं एका शिट्टीत रांगेत उभी राहतात हो. आणि तुम्ही पाच जण महिनाभरात साखरेचं ठरवू शकला नाहीत. रात्री झोपेत मी हात मोजते."

वहिनी खाली बसल्या आणि अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. सगळं सांगून होईपर्यंत पडद्यावरची वांगी काढून झाली होती. मग कुणीच उठलं नाही. मघाचाच सिनेमा, तीच पिपाणी, तोच चिखल, पण डोक्यावरचं ओझं उतरल्यावर माणूस कशालाही हसतो. शेवटी पडद्यावरचे ते सगळे सुखी कुटुंब म्हणून अंगणात फोटो काढायला उभे राहिले, तेव्हा या सहा जणांच्या हसण्याने खुर्च्या हलत होत्या. दारावरचा माणूस आत डोकावून गेला. त्या सिनेमाला इतकं हसलेलं त्याने कुणाला पाहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर तिन्ही जोडपी आपापल्या घरी गेली. निरोप फार थोडक्यात झाला. कुणीच जास्त गोड बोललं नाही.

घरी आल्यावर वहिनी सरळ मागच्या खोलीत गेल्या. कडी लावली. खिडकीशी स्टुलावर बसल्या. तागे जागच्या जागी होते, मशीनवर अर्धवट शिवलेला निळा पडदा पडला होता. वहिनींनी त्याला हातही लावला नाही, नुसत्याच बसून राहिल्या. इतकं बरं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. या दारावर टकटक करायची रीत घरात नव्हती. इन्स्पेक्टर बाहेरूनच हाका मारायचे.

"मी जरा आत येऊन बसू का? गप्पा मारू," ते बाहेरून म्हणाले.

"नको," वहिनी म्हणाल्या.

"बरं," इन्स्पेक्टर म्हणाले आणि पावलं दूर गेली.

वहिनी कान देऊन बसल्या. पावलं परत येईनात. पुन्हा टकटक होईना. आज एवढा गोंधळ झाला, सगळं मनातलं बोलून झालं, आणि हा माणूस एका 'नको'वर निघून गेला? एकदा तरी परत विचारायला काय हरकत होती? दोन मिनिटं त्यांनी कशीबशी काढली, मग ताडकन उठून कडी काढली. इन्स्पेक्टर बाहेरच्या खोलीत सगळ्या सोफ्यावर एकटे पसरले होते. उशी डोक्याखाली, पाय सोफ्याच्या हातावर, डोळे छताकडे.

"मी नको म्हटलं, तर लगेच निघून जायचं?" वहिनींनी विचारलं.

इन्स्पेक्टरांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मग उशीवरून डोकं उचललं, पाय खाली सोडले आणि खरोखरच विचारलं, "मग येऊ?"

वहिनींनी या खेपेला नीट विचार केला.

"नको," त्या म्हणाल्या.

"नक्की ना?"

"नक्की."

इन्स्पेक्टरांनी पाय पुन्हा वर घेतले. वहिनींनी दार लोटलं, कडी लावली, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी समाधानाचा सुस्कारा सुटला.